बिनपोटाचा बास

आमच्या बोएदो भागात निल्दा पेरोत्तीचं बटणांचं दुकान आहे. पण तिचं खरं नाव झालं ते बसच्या ड्रायव्हरांशी भांडण्यात. भांडणाचं कारण तिचा डबल बास, म्हणजे उभं राहून वाजवायचं थोरलं व्हायोलिनच, चांगलं कपाटाएवढं. ड्रायव्हर म्हणायचा, "बाई, हे सामान मालगाडीत टाका." निल्दा पायरीवर एक पाय ठेवून ऐकवायची, "माझ्या नवऱ्याहून कमी जागा घेतो आणि त्याच्याहून गोड बोलतो. चल, सरक." आणि तो सरकायचा.

मी ओस्मार. बँडोनियन, म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायची भात्याची पेटी, वाजवतो. आमचा टँगोचा वाद्यवृंद दर रविवारी दुपारी क्लबाच्या वरच्या हॉलमध्ये वाजवतो, लोक नाचतात, मध्येच एंपनाडा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, खातात, पुन्हा नाचतात. निल्दा त्या वाद्यवृंदात तरुणपणी आली ती तिथेच राहिली. गेल्या हिवाळ्यात तिचा डावा खांदा निकामी व्हायला आला. डॉक्टर म्हणाले, "एक तर बास उचला, नाहीतर हात वापरा. दोन्ही जमायचं नाही."

आम्ही मदत केली नाही असं नाही. एकदा तिघांनी मिळून तो बास वर न्यायला घेतला आणि जिन्याच्या वळणावर असे काही अडकलो की बास पुढेही जाईना आणि मागेही येईना. खाली नाचायला आलेली मंडळी नटूनथटून खोळंबली. निल्दा ओरडली, "पुन्हा हात लावलात तर एकेकाची बोटं मोडीन!" त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं की ती विजेवरचा उभा बास घेणार. हा नुसता लांब दांडा असतो. त्याला पोट नसतं, सगळा आवाज स्पीकरमधून येतो.

पियानोवर आमचे मास्तर बेर्तोला. त्यांनी नाक मुरडलं. "विजेवर इस्त्री चालते, निल्दा. टँगो चालत नाही."

"ऐकण्याआधीच ठरवलंत?"

"बरं, एक रविवार देतो. जमलं तर तू आहेसच. नाही जमलं, तर संगीतशाळेतला तो नवीन बासवाला तयार आहे."

मास्तर असं बोलू शकतात हे मला खरं वाटेना. निल्दाला वाटलं असावं, कारण भांडण न काढता ती गज पिशवीत घालून निघाली. वाद्यवृंद सुटला असता तर तिच्याकडे बटणांशिवाय काय उरलं असतं?

सोमवारी ती मला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेली. विक्रेत्याने एक बास उभा केला आणि बोटांनी दुम-दुम-दुम वाजवून दाखवला.

"छान," निल्दा म्हणाली. "आता गजाने वाजव."

"गजाने? बाई, हे सगळे बोटांनीच वाजवतात."

"सगळे वाजवू देत. तू सरक." तिने छत्रीच्या पिशवीतून स्वतःचा गज काढला, त्याला राळ घासली आणि तारेवर ठेवला.

पहिल्या बासची तारांखालची घोडी सपाट होती, त्यामुळे गज एका वेळी दोन-दोन तारांना लागायचा. "ही आमच्या गल्लीसारखी आहे," ती म्हणाली, "एकीला बोललं की शेजारीण ओरडते." दुसऱ्याची घोडी चांगली गोल होती, अंगाला टेकायला लाकडी कडही होती, पण तारा गुळगुळीत, गज नुसता घसरायचा. "ह्या बोटांच्या तारा. राळ धरत नाहीत. बदल." विक्रेत्याने जाड पोलादी तारा चढवल्या तर सर्दी झालेल्या बोक्यासारखा आवाज आला. पुन्हा बदल. तो बिचारा घामाघूम झाला होता. शेवटी त्याने जरा बारीक, मऊ ओढीच्या पोलादी तारा चढवल्या.

आता टँगोत बासचा गज ठोक्याची वाट बघत नाही. जरा आधीच तारेवर घासत, ओढत येतो आणि मग ठोक्यावर आदळतो. नाचणाऱ्यांचे पाय त्या ओढण्यावरच उचलले जातात. निल्दाला हवं होतं ते एवढंच.

"ओस्मार, भिंतीकडे तोंड कर. पाय हलला तर सांग."

मी तोंड फिरवलं. तिने गज ओढला.

"हलला."

"खोटं सांगू नकोस हं."

"अगं हलला! उजवा!"

"मग हाच," ती म्हणाली. आणि मला मनापासून हायसं वाटलं.

नव्या तारा गजाखाली शिट्ट्या मारतात, म्हणून त्यांना वठणीवर आणायला ती आपल्या बटणांच्या दुकानातच बास वाजवू लागली. गिऱ्हाईक निळी बटणं मागायचं आणि ओढलेला सूर संपेपर्यंत उभं राहायचं. तालमीत आम्ही संथ टँगो वाजवून पाहिले, सगळे उत्तम झाले. मास्तर "हं" म्हणाले.

रविवारी ती दांडा खांद्याला लावून बसमध्ये चढली. ड्रायव्हरने ढुंकूनही पाहिलं नाही. निल्दाला त्याचाच राग आला. जिना मात्र एकटी, कुठेही न थांबता चढली. आम्ही मागून धापा टाकत.

पहिले तीन टँगो असे झाले की माझा मलाच अभिमान वाटला, वास्तविक मी केलं काय होतं, तर भिंतीकडे तोंड. जोडपी तरंगत होती. मग मास्तरांनी जलद तुकडा सुरू केला. त्यात मध्ये सगळी वाद्यं थांबतात आणि बासवाली तळव्याने बासच्या पोटावर दोन थापा मारते, धप्प-धप्प, की पुन्हा सगळे सुरू.

आम्ही थांबलो. निल्दाचा डावा तळवा सवयीने खाली आला आणि हवेतून निघून गेला. पोट होतं कुठे? हॉलभर शांतता. एका म्हाताऱ्याने बायकोच्या पायावर पाय दिला. गज, घोडी, राळ, तारा, सगळं पारखून घेतलं, आणि इतकी वर्षं शेजारी बसून ह्या थापा माझ्या डोक्यात आल्या नाहीत! मला स्वतःचे कान उपटावेसे वाटले. निल्दाचा चेहरा पडला. तीच जागा पुन्हा येणार होती, आणि मास्तर सरळ समोर बघत वाजवत होते.

आली. आम्ही थांबलो. निल्दा एक पाऊल सरकली आणि तिने मास्तरांच्या पियानोच्या कुशीवर दोन सणसणीत थापा ठेवून दिल्या.

मास्तर स्टुलावरून उडाले. पण त्यांचा पाय तारा मोकळ्या सोडणाऱ्या पेडलवर होता, त्यामुळे पियानोतल्या सगळ्या तारा एकदम घुमल्या. असा धप्प आम्ही जन्मात ऐकला नव्हता. नाचणारे ओरडले, "अजून!" मास्तरांचे कान लाल झाले होते. आता हा माणूस पियानोचं झाकण आपटून उठणार, असं मी धरूनच चाललो.

तिसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा मी सूर सोडून त्यांच्या पायाकडे बघत होतो. थापेच्या आधीच त्यांनी पेडल दाबलं, आणि तिच्यासाठी धरून ठेवलं.

तुकडा संपला. टाळ्या थांबेनात. निल्दा खांदा चोळत मास्तरांकडे बघत होती, मास्तर तिच्याकडे बघत नव्हते.

"ओस्मार," ते माझ्यावर खेकसले, "बसलास काय नुसता? पियानो तिच्या बाजूला सरकव. तिला हात लांब करावा लागतोय."