बाटलीवर नाव सगुणाबाईंचं

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती गेली, सासरेही गेले — आता लपवायचं कुणापासून? तरी बघा, जीभ अडखळतेच.

सत्तर साल उलटून गेलेलं. भोरच्या एका दवाखान्यात मी वॉर्डबॉय होतो. सासुरवाडीला मात्र कंपाउंडर म्हणून सांगितलेलं! एवढी फुशारकी कोण मारत नाही हो?

हिर्डोशीच्या सगुणाबाई पोटाच्या ऑपरेशनला आल्या होत्या. ऑपरेशन झालं झकास, पण पाठोपाठ हगवण लागली, ताप चढला. वॉर्डात आधी दोघांना तसंच झालं होतं. संडासची भांडी मीच धुवायचो — कशी धुवायचो, ते नका विचारू. डॉक्टर म्हणाले, आतड्यातले हे जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत असं दिसतंय. दुसरं औषध होतं, पण जालीम, मूत्रपिंडाला बाधणारं. रिपोर्टाशिवाय ते देणार नव्हते. म्हणून बाईंच्या शौचाची बाटली देऊन मला एस्टीनं पुण्याला धाडलं.

नसरापूर फाट्यावर सासरे चढले, मार्गासनीचे. शेजारीच बसले.

"काय पावणं, पिशवीत काय हाय?"

मी म्हटलं, औषध. झालं! "आमचं पावणं निम्मं डाक्टरच हायेत," असं साऱ्या गाडीला ऐकवून त्यांनी पिशवी कौतुकानं स्वतःच्या मांडीवर घेतली. आणि बूच होतं सैल. वास सुटला. माणसं नाकाला धोतराचा सोगा लावायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घाट चढून गाडी पाण्याला थांबली, तसा पिशवी हिसकून उतरलो. बाटली झुडपात रिकामी केली, धुतली. मग? रिकामी बाटली कुठल्या तोंडानं द्यायची? स्वारगेटला संडासात गेलो आणि — सांगतो, सांगतो — तिच्यात माझीच घाण भरली.

रिपोर्ट आला: निरोगी माणसाच्या आतड्यात असतात तेच साधे जंतू, नेहमीच्या औषधाला दाद देणारे. डॉक्टर बुचकळ्यात पडले, पण कागदावर विसंबून तेच औषध वाढवलं.

पाच दिवस बाई झिजत होत्या. पाच दिवस मी त्यांचं भांडं उचलत होतो. एक वाक्य बोलायचं होतं, बस — का नाही बोललो? नोकरीची भीती होती, व्हय. पण खरं सांगू? त्याहून जास्त लाज होती — लोक हसतील याची. सहाव्या दिवशी त्या गेल्या. दुसऱ्या औषधानं वाचल्या असत्या? असत्याही. ते त्यांना मिळालं नाही, माझ्यामुळं.

महिन्याभरानं त्यांचे मालक हिर्डोशीहून निम्मी वाट चालत आले, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. "तुमी आमच्यापायी पार पुण्यापतुर गेला," म्हणाले, आणि माझ्या पायाशी वाकले.

मी त्यांना वाकू दिलं. गाठोडं घरी नेलं. तो भात आम्ही आठ दिवस खाल्ला.