कुकरचा फिल्टर

"थांबा राव, कुठंतरी हवा पळतीया," असं म्हणून आमचे शेजारी बोलता बोलता थबकायचे आणि कानामागे हात धरायचे. समोर सायकल असो, स्टोव्ह असो नाहीतर लग्नातला बँडवाला, यांचा कान आधी हवेकडे.

पिंपरीतल्या कंपनीत ते कॉम्प्रेसर सांभाळत, मी स्टोअरमध्ये. हवेचा पाइप गळायला लागला की दाढीच्या ब्रशने सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला की चोर सापडला. तो ब्रश कायम त्यांच्या खिशात. एकदा साहेबांच्या स्कूटरच्या चाकालाही न विचारता फेस फासून मोकळे झाले. साहेब स्कूटरवर बसलेलेच होते!

शेजाऱ्यांचं तान्हं मूल गेलं, तेव्हापासून वहिनींचं बोलणं बंद झालं. स्वयंपाक करायच्या, वाढायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या. यांनी जिवाचा आटापिटा करून एक काचेची टाकी आणि मासे आणले. वहिनी भिंत सोडून माशांकडे बघायला लागल्या. त्या दिवशी या बाबाने अख्ख्या खात्याला पेढे वाटले, कारण विचारलं तर म्हणाले, "खा की गुमान."

पुढे टाकीतलं पाणी गढुळायला लागलं. तयार फिल्टर आणायचा कुठून? त्यांनी जुन्या कुकरमध्ये वाळू आणि कापूस भरला, दोन नळ्या जोडल्या, कुकरमधून पाणी ओढायला कूलरचा पंप लावला. पण पाण्याऐवजी टाकीत नुसती हवाच येत होती. मग काय, सवयीने ब्रश निघाला आणि झाकणाभोवती फेस.

आता बघा, कंपनीत हवा बाहेर पळते. इथे पंप ती आत ओढत होता. हवेबरोबर साबणही आत गेला आणि थेट टाकीत उतरला. त्यांची हाक ऐकून मी धावलो, तेव्हा मासे उताणे तरंगत होते. एक नारिंगी तेवढा तडफडत होता.

"म्याच मारलं, राव. हिचं उरलंसुरलं म्याच मारलं." माणूस लहान पोरासारखा रडत होता.

वहिनी उठल्या. नारिंगी मासा ओंजळीत घेऊन त्यांनी प्यायच्या पाण्याच्या कळशीत सोडला. मग पंप काढून कुकर बादलीत बुडवला. एक नळी नवऱ्याच्या हातात दिली, दुसरी स्वतःच्या तोंडाशी नेली.

"तिच्यावर अंगठा धरा. मी फुकती, तुमी बुडबुडं बघा."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण मला दिसतात ते त्या बादलीपाशी उकिडवे बसलेलेच. झाकणाच्या रबराखालून बुडबुड्यांची माळ निघाली होती. मी ती बघितली. ते मात्र बायकोच्या तोंडाकडेच बघत होते.

"अवो, दिसलं का?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "आणिक येकदा बोल."