तळ्याला लागलेली सुकती

भुताखेतांच्या गोष्टी वाचायला मला आवडतात, पण विश्वास म्हणाल तर शून्य. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली बाई मी. आमच्या सोसायटीत कोणी दारात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी ते उचलून सरबत करते, सुनेला विचारा. इथे लोक काहीबाही लिहितात, त्यातलं निम्मं बंडल असतं हेही कळतं मला. तरी हे एक लिहिते... कारण ज्यांनी बघितलं त्यातली आता मी एकटीच उरले.

साल एकोणीसशे साठच्या आसपासचं. कोपरखैरणे तेव्हा गाव होतं. सेक्टर नव्हते, खाडीवर पूल नव्हता. आधी भातशेती, मग मिठागरं, मग खाडी. मुंबईला जायचं तर होडीने पलीकडे. घरी बाबा, आई, माझा मोठा भाऊ हरीदादा, त्याची बायको सुंदरवहिनी आणि मी. मी सातवी फायनल होऊन घरी बसले होते.

त्या पावसाळ्यात दादा खाडीत जाळं टाकायला गेला आणि आला नाही. होडी सापडली, पालथी. तो सापडला नाही.

आमच्याकडे म्हणतात, खाडीत बुडालेलं माणूस सुकतीला परत येतं. सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की चिखलात कुठेतरी अडकलेलं दिसतं, म्हणून घरच्यांनी काठावर जाऊन बघायचं. लोक काही दिवस बघतात, मग सोडतात. वहिनीने सोडलं नाही. दुपार असो, पहाट असो, सुकती लागली की ही तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठणार आणि पाणी परत चढेपर्यंत काठावर उभी राहणार. घड्याळ लागत नव्हतं तिला. जेवण तुटलं होतं. पण रडली नाही. खरं सांगायचं तर आम्ही कोणीच रडलो नाही. तो मेलाय की नाही हेच ठरलं नव्हतं, मग रडणार कशावर? सगळं घर नुसतं बधिर झालं होतं.

एक दिवस वहिनीचे वडील आले. बाबांना म्हणाले, "व्याही, त्याचे दिवस करून टाका. पोर तरनी हाय माजी. वरीस सरलं का पाट लावू तिचा." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आमच्यात चालतं.

बाबा म्हणाले, "ती हो बोलल त्या दिवशी करतो."

वहिनी आतूनच म्हणाली, "ते आल्याबिगर मी बांगड्या उतरवनार नाय."

त्या बांगड्या तिच्या हातात कोपरापर्यंत सरकायच्या, एवढी ती वाळली होती. असंच चाललं तर दादामागून हीसुद्धा जाणार, हे आईला दिसत होतं, मला दिसत होतं. बोलायचं कोणी नाही.

मार्गशीर्षात मामा आला. आईचा भाऊ, दादरला चाळीत राहायचा, गिरणीत कामाला. मुंबईत राहून त्याची बोली पार बदललेली. तो म्हणाला, "दाजी, पोरीला एक दिवस तरी या खाडीपासून लांब न्या. बोरिवलीला नॅशनल पार्क आहे, हरणं दिसतात, नशीब असेल तर वाघ. मी नेतो ना." वहिनी कशाची येते! शेवटी आई म्हणाली, "जा गो. तुज्या बदली मी उभी रातंय सुकतीला." तेव्हा ती निघाली.

बाबा, वहिनी आणि मी आदल्या दिवशी मामाकडे राहिलो आणि सकाळच्या गाडीने बोरिवलीला गेलो. बाबांनी पंच्यात कोयता गुंडाळून घेतला होता, वाघासाठी. मामा म्हणाला, "वाघाचं नंतर बघू, आधी पोलीस धरेल." मला हसू आलं आणि लगेच मेल्यासारखं वाटलं. वहिनीला यातलं काही ऐकू गेलं की नाही देव जाणे. आत बरंच चाललो. माकडं दिसली, झाडीतून एका सांबराची पाठ दिसली. मामा हौसेने दाखवत होता, आम्ही माना हलवत होतो.

दुपारी एका तळ्याच्या काठी बसलो. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. वहिनीने दोन घास चिवडले. पलीकडच्या काठाला चितळांचा कळप उतरला. मामाने खूण केली, गप्प बसा. पुढच्या मादीने पाण्याला तोंड लावलं आणि झटकन मान वर केली. दुसरीने लावलं, तिनेही तेच. मग सगळी तशीच तहानलेली झाडीत परत गेली.

"आपल्याला बिचकली," मामा म्हणाला. आम्ही तर हललोही नव्हतो.

बाबा पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "सुकती लागली."

मी बघितलं. लागली होती. गवताच्या कडेपासून पाणी मागे जात होतं, काळा चिखल उघडा पडत होता. वहिनी उठली. मी डब्याचं झाकण लावलं. आता तुम्ही हसाल, पण आम्हाला यात काही वावगं वाटलंच नाही! जन्म खाडीवर गेलेला. पाणी चढतं आणि उतरतं, एवढंच माहीत. विहीर सोडली तर दुसरं थांबलेलं पाणी आम्ही बघितलं कुठे होतं?

वहिनी लुगडं खोचून चिखलात उतरली. पोटऱ्यांपर्यंत रुतत, सरळ आत गेली. एका जागी थांबली. समोरचा बोलतोय आणि आपण ऐकतोय, तशी उभी होती. एकदा मान हलवली तिने. तिच्यासमोर कोणी नव्हतं... मी शपथेवर सांगते, रिकामा चिखल होता आणि उन्हात चमकत होता. मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

मग ती वाकली, चिखलातून काहीतरी वेचलं आणि परत आली. पदरात निवट्या होत्या, जिवंत. चिखलात उड्या मारणारा, डोळे टपोरे असलेला मासा तो. खाडीच्या खाऱ्या चिखलातच होतो, गोड्या पाण्यात कधीच नाही. तिने त्या भाकरीच्या डब्यात टाकल्या आणि म्हणाली, "चला घरी."

बरंच पुढे आल्यावर मामा हळूच म्हणाला, "दाजी... तळ्याला सुकती?"

बाबा थांबले. मागे बघितलं. झाडांमधून तळं दिसत होतं, गवताच्या कडेला पाणी टेकलेलं, काठोकाठ. बाबांनी कोयता काखेत घट्ट धरला आणि म्हणाले, "चल."

संध्याकाळी घरी पोचलो. आईने वहिनीच्या लुगड्याचा काठ हातात घेतला. वाळून त्यावर पांढरी रेघ उमटली होती. आईने बोट लावून जिभेवर ठेवलं आणि बाबांकडे बघितलं. मिठागरावर राबलेली बाई, तिला काय सांगायचं!

वहिनी ओट्यावर बसली. एकेक बांगडी उतरवून खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, त्यांचे दिवस करा. आये, भूक लागलीय, भात टाक." त्या रात्री ती पोटभर जेवली. निवट्यांचं कालवण तिनेच केलं होतं. त्यानंतर ती काठावर कधी गेली नाही.

पुढे मी शिकले, मास्तरीण झाले. भरती-ओहोटी चंद्रामुळे कशी होते हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं. एवढ्याशा तळ्याला ओहोटी दिसत नाही हेही शिकवलं. त्या तळ्यावर पुन्हा दोनदा जाऊन बसले. पाणी गोडं आहे, जागचं हलत नाही. उत्तर माझ्याकडे नाही, आता मिळेल असंही वाटत नाही.

वहिनीचा पाट लागला, आता खांदेश्वर स्टेशन आहे त्या बाजूच्या गावात. मुलंबाळं झाली. म्हातारपणी एकदा मी तिच्याकडे गेले तेव्हा विचारलंच, त्या दिवशी काय झालं?

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "त्यो बोलला, उद्यापासून येऊ नको. बास."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला का गं?"

तिने आठवून बघितलं. मग म्हणाली, "नाय गो. तुजा काय नाय बोलला."

मग तिने चहा टाकला. आम्ही दोघींनी तो घेतला आणि मी अंधार पडायच्या आत निघाले.