गाडीचं तोंड बाहेर

माझ्या बायकोच्या मामांइतका परतीच्या वाटेवर जीव लावणारा माणूस अख्ख्या सांगली-साताऱ्यात सापडायचा नाही. बाकीची माणसं कुठेतरी पोहोचण्यासाठी घराबाहेर पडतात. मामा पडतात ते घरी परत येण्यासाठी. मधलं लग्न, बारसं, गाण्याचा कार्यक्रम हा त्यांच्या लेखी जरा लांबलेला थांबा. फौजेतली सगळी नोकरी ट्रकच्या ताफ्यात गेली आणि तिथली एक शिस्त त्यांनी विश्रामबागेतल्या घरी जशीच्या तशी आणली: गाडी लावताना तिचं तोंड बाहेर हवं. चपलांनाही हाच नियम. आलेल्या पाहुण्याच्या चपला मामा चहाच्या आधी उठून दाराकडे तोंड करून ठेवतात, आणि पाहुण्याला उगाचच वाटू लागतं की आता निघालेलं बरं. लोणंदच्या एका लग्नात त्यांनी गाडी परतीला सोयीची म्हणून मांडवापासून इतकी लांब लावली होती की अर्धी मंगलाष्टकं आम्ही चालता चालता ऐकली. त्या लग्नाच्या फोटोंत मामा एकदाच दिसतात, तेही पाठमोरे, हातात जिलेबी. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "जेवान घरीबी मिळतंय. पर फाटकातनं पयलं भाईर पडायचं सुख घरी न्हाई मिळत."

हे सगळं मजेत चाललं असतं, पण मामींना गाण्याचं वेड. त्यांची एक लाडकी गायिका दर हिवाळ्यात सांगलीबाहेरच्या मोठ्या मैदानावर येते आणि मामींच्या जिवाचं गाणं नेमकं सगळ्यांत शेवटी गाते. शेवटचं गाणं म्हणजे मामांच्या हिशेबी निघायची शिट्टी. त्यामुळे वर्षानुवर्षं मामींनी त्या गाण्याचं धृपद खुर्चीत ऐकलं, पहिलं कडवं फाटकाशी, दुसरं इंजिनाच्या आवाजात, आणि तिसरं कधीच नाही. "मोबाईलवर ऐका की," मी एकदा परतताना गाडीत म्हणालो. "ऐकतेच की," मामी म्हणाल्या. "पर तिच्या तोंडून, समोर, ऐकलं न्हाई कवा." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मामा त्या वेळी, आपण सगळ्यांच्या पुढं निघालो, या आनंदात शीळ घालत होते.

मागच्या खेपेला मामांनी कमाल केली. मैदानाची पार्किंग त्यांना पसंत नव्हती. पलीकडेच, माधवनगरच्या बाजूला, त्यांच्या फौजेतल्या दोस्ताचा ऊस होता. आदल्या दिवशी जाऊन मामांनी त्या शेताची पाणंद, म्हणजे गाडीवाट, पाहून ठेवली: मोकळी, थेट रस्त्याला भिडणारी. दुसऱ्या दिवशी गाडी तिथं लागली, अर्थात तोंड रस्त्याकडे. परतीच्या वाटेला लागेल म्हणून मामांनी मोबाईल बंद करून बॅटरी राखली होती. कार्यक्रम रंगला. धृपद सुरू झालं तसे मामा उठले, मामी उठल्या, मी उठलो, आणि आम्ही पाणंदीत आलो तर वाटेच्या तोंडाशी उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली आडवी उभी. ट्रॅक्टर जागेवर नाही. ट्रॉलीला टेकून मामांचा दोस्त शांतपणे ऊस खात होता.

"सुभेदार, तुमी गेल्याव उसाची तोड आली," तो म्हणाला. "तवाधरनं फोन लावतोय. तुमचा बंद."

"आन् ट्रॅक्टर कुठाय?"

"दुसरी ट्रॉली वडायला फडात गेलाय. यील की. ऊस खावा तवर."

मामा पुटपुटत ट्रॉलीभोवती फिरले. चाकाला हात लावून पाहिला, जणू ती लाजेनं बाजूला होईल. ज्यांच्या घरच्या दोन पिढ्या उसात गेल्या त्या मामांनी हंगामात पाणंदीत गाडी लावावी, आणि तोड कधीही येते हे विसरावं! मी हसू दाबायला तोंड फिरवलं आणि तसाच राहिलो. शेजारच्या शेतातल्या उसाला तुरे आले होते. चांदण्यात ते पांढरे हलत होते आणि त्यांच्यावरून गाणं येत होतं. मैदानात कर्ण्यांतून अंगावर येणारा आवाज इथं धुऊन, पुसून, मऊ होऊन येत होता. तोडकऱ्यांनी कोयते खाली ठेवले होते. मामी बांधावर बसल्या होत्या, पदर खांद्यावरून घेऊन. दुसरं कडवं सरलं. मग तिसरं आलं.

"आवं," मामी हळूच म्हणाल्या, "जरा गप ऱ्हावा."

मामा चाकापाशी उभे होते तसे गप्प राहिले. गाणं संपल्यावर ट्रॅक्टर आला, वाट मोकळी झाली, तरी कुणाला तरी त्यांना हाक मारावी लागली.

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. मामांनी मैदानाच्या पार्किंगमध्ये, अगदी मध्यभागी, गाडी लावली. मी उतरून पाहिलं: गाडीचं तोंड आत होतं. शेवटच्या गाण्याला मामा उठले नाहीत. परतताना आम्ही असे अडकलो की बस्स; पुढं गाड्या, मागं गाड्या, धुळीत लाल दिवे तरंगताहेत. मामी स्वतःशीच ते तिसरं कडवं गुणगुणत होत्या. पुढची गाडी सरकली. मामांनी गिअर टाकला नाही. मागून हॉर्न वाजू लागले.

"मामा, वाट झाली," मी म्हणालो.

"दिसतंय की," मामा म्हणाले. "कडवं सरू द्या."