बिनसाखरेची गोळी

चष्मेवाले मुळात चिडका माणूस नव्हे. उभं आयुष्य काचा घासायच्या यंत्रापुढे स्टुलावर बसून गेलेलं. गिऱ्हाईक चष्म्यावर बसून यायचं आणि "आपोआप वाकला हो" म्हणायचं, तरी त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांना चिडकं केलं ते आपुलकीच्या माणसांनी.

मधुमेह जुना होता, इन्सुलिनही सुरू होतं. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी आधी चालायला आणि मग धावायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली भात, पाव, बटाटा आणि साखर जवळपास बंद केली. अंडी, मासे, चीज, शेंगदाणे आणि पालेभाज्या यांवर गाडी चालू झाली. संथ धावलं की शरीर साठलेल्या चरबीवर चालायला शिकतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. आता एकच इच्छा उरली होती : बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत एकदा धावायचं. शर्यतवाल्यांना डॉक्टरचा दाखला हवा होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "तीस किलोमीटरचा सराव सुखरूप करून दाखवा, मग शिक्का मारते."

इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट साधी राहू देतील तर ती माणसं कसली!

धावणाऱ्यांच्या गटाचे म्होरके होते मास्तर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा केळ्यावर नितांत विश्वास होता. वाटेत कुठेही थांबले की पिशवीतून केळं काढायचे.

"घ्या हो, चष्मेवाले. गाडीला पेट्रोल नको का?"

"माझी गाडी डिझेलवर चालते, मास्तर."

"म्हणूनच मागे राहते आणि धूर काढते!"

सगळे हसायचे. मग एक जण खजूर पुढे करायचा, दुसरा मधाची पुडी. नको म्हटलं की चेहरे असे पडायचे, जणू ह्यांनी लग्नाचं ताट लाथाडलंय. भीक नको पण कुत्रं आवर, अशी चष्मेवाल्यांची गत झाली होती.

घरी नेमकी उलट तऱ्हा. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती आणि कुठलीच गोष्ट अर्धी करणं तिच्या स्वभावात नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या "साखर कमी करा", हिने घरातून साखर हद्दपार केली. दुकानातलं भिंग घरी नेलं आणि प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं त्यातून वाचू लागली. चटणीत साखर सापडली, चटणी गेली. खोकल्याच्या औषधात सापडली, औषध गेलं. पाहुण्यांनाही बिनसाखरेचा चहा मिळू लागला. चष्मेवाल्यांचा मेहुणा तर हल्ली दारातूनच "चहा पिऊन आलोय" असं ओरडायचा.

"अगं, पाहुण्यांना कुठे मधुमेह आहे?"

"होईल. चहात दोन-दोन चमचे घालतात."

सरावाच्या दिवशी इन्सुलिन डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तितकंच कमी घेतलं. कंबरेच्या पट्ट्यात शेंगदाणे, मिठाच्या पाण्याची बाटली आणि साखर उतरलीच तर खायच्या लिंबाच्या गोळ्या होत्या. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवलेली होती. ती रक्तातल्या साखरेचा आकडा फोनवर दाखवायची. निम्मं अंतर झकास पार पडलं. आकडा अगदी गुणी पोरासारखा जागच्या जागी.

मग पुलापाशी मास्तरांचं केळ्यांचं दुकान उघडलं. "घ्या आता तरी. पुढे चढ आहे. डिझेल पुरायचं नाही."

आणि इथे चष्मेवाल्यांचं चुकलं. मास्तरांना दाखवायचंच, अशा हट्टाने ते एकटेच पुढे निघाले आणि चढावर कधी धावले नव्हते इतक्या जोरात धावले. चढ संपला आणि खिशात फोन कोकलू लागला. आकडा सत्तरच्या खाली जात होता.

घाबरण्याचं कारण नव्हतं. गोळ्या त्याचसाठी होत्या. त्यांनी चार गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि चावून खाल्ल्या. आंबट-गोड चव लागली. ते कठड्यावर बसून वाट पाहू लागले. आकडा चढेना. आणखी दोन खाल्ल्या. आकडा आणखी उतरला. आता कपाळावर गार घाम आला आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं, ज्यांच्या डोळ्यांवर सगळ्या गल्लीचा भरवसा, त्या चष्मेवाल्यांना लागेनात.

पेट्रोल पंपाचं छोटं दुकान जवळ होतं. भिंत धरत धरत ते तिथे पोचले.

"काहीतरी गोड द्या. मला मधुमेह आहे."

गल्ल्यावरच्या बाईंनी तोंडाला हात लावला. "अगं बाई! मधुमेह आहे आणि गोड मागताय? थांबा." लगबगीने त्यांनी फ्रिजमधून बाटली काढली. "हे घ्या. ह्यात साखर अजिबात नाही."

"साखर... साखरच हवीय."

"नको हो दादा, माझ्या सासऱ्यांनी असंच केलं आणि—"

"बाई!" चष्मेवाले आयुष्यात पहिल्यांदा परक्या बाईवर ओरडले. "साखर कमी झालीय माझी! पडेन मी इथे!"

पण तेवढ्यात त्यांना चहाच्या यंत्राशेजारच्या साखरेच्या पुड्या दिसल्या. त्यांनी मूठभर उचलल्या, दातांनी फाडल्या आणि तोंडात रिकाम्या केल्या. मग बाईंनाही उमगलं; त्यांनी साधा संत्र्याचा रस उघडून हातात दिला आणि खुर्ची पुढे सरकवली.

जरा सावरल्यावर चष्मेवाल्यांनी पट्ट्यातलं गोळ्यांचं वेष्टण काढलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं : साखरविरहित.

त्याच वेळी मास्तर आपल्या फौजेसह दारात हजर झाले. सदऱ्यावर साखर सांडलेली, हातात रस, असे चष्मेवाले त्यांनी डोळे भरून पाहिले.

"तरी म्हणत होतो, केळं खा!"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर वेष्टण टेबलावर ठेवलं. बायकोने ते पाहिलं आणि ती अभिमानाने म्हणाली, "बदलल्या मी. तुम्ही कंबरेला साखर बांधून हिंडायचात, बघवेना मला."

"अगं, ते खाणं नव्हतं! औषध होतं ते! आग विझवायच्या बादलीत तू रॉकेल भरून ठेवलंस!"

तिचा चेहरा पांढरा पडला. "मला कुणी सांगितलं का?" एवढंच म्हणून ती आत गेली. हेही खरंच होतं. कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी तिला साखरेशी लढायला सांगितलं आणि लढाई कुठे थांबवायची ते सांगायचं राहून गेलं.

डॉक्टरबाईंकडे दोघं गेली. साखरेचा आलेख पाहून बाई म्हणाल्या, "दाखला आत्ता देत नाही."

"त्यांचा दोष नाही," बायको म्हणाली. "गोळ्या मी बदलल्या."

"आणि चढावर धावलं कोण?" बाईंनी चष्म्यावरून चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "कमी पिष्टाचं खाणं चालेल, धावणंही चालेल. पण साखर उतरली की तिथे तत्त्व चालत नाही, साखर लागते. पुन्हा तेवढंच अंतर करा. उतरली तरी हरकत नाही, तुम्हाला ती सावरता आली पाहिजे. आणि आकडा आता घरच्यांच्या फोनवरही जाऊ दे."

चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

दुसऱ्या खेपेला ग्लुकोजच्या गोळ्या त्यांनी स्वतः आणल्या आणि स्वतःच पट्ट्यात भरल्या. बायको बघत होती. भिंगाला तिने हातही लावला नाही, आणि ते जास्त जड गेलं. मास्तरांना पुलापाशी सोडून ते चढ संथपणे चढले. तरी वरच्या वळणावर आकडा घसरू लागला. त्यांनी थांबून गोळ्या चावल्या. फोन वाजला.

"अहो, खाल्ल्या का?"

"खाल्ल्या."

"चावून खाल्ल्या ना?"

"हो गं बाई, चावून."

"मग आकडा का चढत नाही? खऱ्या आहेत ना? वाचून आणल्यात ना?"

"आत्ता गिळल्यात! जरा दम काढशील की नाही?"

पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. दोघंही आपापल्या फोनवर तोच आकडा पाहत उभी होती, ते रस्त्यावर, ती प्रयोगशाळेत. आकडा जागचा हलेना. मग हलला. थोडा वर, आणखी थोडा वर.

"चढला," ती रडवेली होऊन म्हणाली.

"दिसतंय मला."

"बसा थोडं. नीट वर येऊ दे."

ते बसले. आकडा पुरेसा वर येऊन स्थिरावल्यावर उठले. "साखर सावरली, हे आता डॉक्टरबाईंना दाखवता येईल. उरलेलं अंतर पुरं करायला निघू का?"

"मी काय धरून ठेवलंय? पण हळू. पाणी घ्या. मिठाचं. आणि त्या मास्तरांना सांगा—"

"ठेव फोन!"

"तुम्ही ठेवा."

दोघांनीही ठेवला नाही. चष्मेवाल्यांनी फोन तसाच खिशात टाकला. खिशातून सूचना येत राहिल्या आणि ते दर दोन पावलांनी "हो, हो" करत, वैतागलेले, उताराला लागले.