पारडं पुसल्याशिवाय

जळबामामा वसमतच्या बाजारात हळद तोलतात. तीस वर्षांत त्यांच्या काट्यात कुणी खोट काढली नाही. आधी पारडं पुसायचं, मग प्रमाणित वजन ठेवून काटा पारखायचा, मगच माल. अडत्या कितीही घाई करो, मामा त्यालाच फडकं देतात आणि पुसायला लावतात. मी शेजारी, सांगतो, इतका हट्टी माणूस पंचक्रोशीत नाही.

मामांना साखर आहे. जेवणाआधी आकडा बघून इन्सुलिन घ्यायचं. त्यांची लेक संध्या नर्स. तिनं मागच्या महिन्यात येऊन त्यांच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवला. आता मोबाइलात दिवसभर साखर दिसते.

"काटा अंगावर आला, अन् तपासायचा न्हाई?" मामा म्हणाले.

"तपासा की. बोट टोचून मोजा. लई फरक असला तर बोटाचा आकडा मोबाइलात भरा, सेन्सर जुळवून घेतो," असं सांगून ती ड्युटीवर गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी तिथंच होतो. सेन्सर म्हणत होता एकशे तीस. मामांनी बोट टोचलं, तर यंत्रावर तीनशे दहा!

"बघ, चोर काटा!" मामांना लबाड व्यापारी पकडल्याचा आनंद झाला. त्यांनी तीनशे दहा भरलं. सेन्सरही गरीब गायीसारखा वर सरकला. त्या हिशेबानं मामांनी सुईत जास्तीचं औषध भरलं आणि सदरा वर केला.

"थांबा!" पद्मामामी ओरडल्या. "बोटावर मुंगी काहून चढून राहिली?"

मुंगी हटायला तयार नव्हती. फळीवर गुळाच्या डब्याचं झाकण उघडं होतं. मामा छताकडं बघू लागले.

मामींनी त्यांना मोरीवर नेऊन साबणानं हात धुवायला लावले. पुन्हा टोचलं. एकशे पंचवीस.

"ती सुई घेतली असती तर साखर खाली जाऊन इथंच पडले असते तुमी! मी कुणाकडं बघितलं असतं?" मामींना रडू कोसळलं.

मामा खाली मान घालून बसले. मग मोबाइलात एकशे पंचवीस भरून म्हणाले, "पारडं पुसलं न्हाई म्या."

हल्ली टोचण्याआधी मामा दोन्ही हात मामींपुढं धरतात. मामी नखांखाली बघतात, वास घेतात.

"व्हय," म्हणतात, "आता तोला."