एका चटईसाठी

आमच्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर पाटी आहे: ‘या विभागात रुग्ण पडण्याच्या घटना : शून्य’. ती दिसली की माझं डोकं आजही फिरतं.

गेल्या हंगामात धानोऱ्याकडच्या जंगलात मोहफुलं वेचताना माझ्या मावशीला अस्वलानं धरलं. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, हाड जुळलं. गुडघा मात्र वाकेना. मग व्यायामासाठी दर आठवड्याला मी तिला घेऊन गडचिरोलीच्या याच दवाखान्यात जायला लागलो. एसटीत ती सीटवर आडवी बसायची, ताठ पाय मधल्या वाटेत.

“बाई, फाटक उघडा,” कंडक्टर म्हणायचा.

“थांबा जी, गाडी जाऊन राह्यली,” मावशी म्हणायची. सगळी एसटी हसायची.

तिचं मागणं एकच होतं. पुढचा मोह पडायच्या आत खाली बसता आलं पाहिजे. मोहफुलं जमिनीवर पडतात आणि उकिडवं बसून, सरकत सरकत वेचावी लागतात. “चूल खाली, पाटा खाली, मोहं खाली,” ती म्हणायची. “मी वरतं बसून काय करू, बाबू?”

दवाखान्यात तिला शेक मिळे. मग दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये, गुळगुळीत फरशीवर चालणं. मग पलंगावर पाय वर, पाय खाली. महिने गेले. जमिनीवर तिला कोणी टेकवलंच नाही. शेवटी मी तिथं व्यायाम करून घेणाऱ्या तरुण मॅडमना विचारलं. त्या कंत्राटी. आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच बोलल्या, “सर खाली उतरवू देत नाहीत. कोणी घसरलं तर पाटीवरचा आकडा बदलतो.”

सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांनी सूत्रं हाती घेतली आणि पडणं बंद झालं, असं दवाखानाभर कौतुक. कसं बंद झालं? पूर्वी त्या खोलीत जाड चटई होती. पेशंट तिच्यावर बसायचे, लोळायचे, कधी कलंडायचे. सरांनी ती गुंडाळून माळ्यावर टाकली. माणूस खाली जाणारच नाही, तर पडेल कुठून? याला गुणवत्ता म्हणतात! आणि या गुणवत्तेवर सत्कार होतात, शाली पडतात.

कॉलेजपासून मी पत्रकं लिहितो. रात्र काय, दिवस काय, राग आला की कागद लागतो. या वेळी मथळा दोन शब्दांचा होता: ‘चटई टाका!’ पत्रक बसस्टँडवर वाटलं, दवाखान्याच्या फाटकावर वाटलं. सरांनी मला आणि मावशीला आत बोलावलं.

“ती पडली तर जबाबदार कोण? तुम्ही पत्रकवाले?”

“सर, इथं नाही पडली तर घरी पडेल. चुलीजवळ. तिथं धरायला कोण आहे?”

“घरचं घरी. माझ्या विभागात नको.” मग मावशीकडे वळून, गोड आवाजात, “बाई, खाली बसायचंच कशाला? खुर्ची वापरायची.”

“खुर्चीवर बसून मोहं वेचू का साहेब? मंग झाडाले बी सांगून द्या, फुलं माह्या मांडीवर टाक म्हणून.”

सर हसले. मला वाटलं, समजलं यांना. कसलं काय! पुढच्या खेपेला खोलीत बॅनर लागलेला, फोटोवाला हजर, आणि पेशंटांना लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांचं वाटप. मावशीच्या हातात खुर्ची आणि गुलाबाचं फूल. मागितली चटई. दिली खुर्ची. ती खुर्ची एसटीत चढवताना कंडक्टर म्हणाला, “वा बाई, सीट घरूनच आणली!” मावशी त्या दिवशी हसली नाही.

त्यानंतर एका रविवारी मॅडम स्वतः गावात आल्या. कोणी पाठवलं नव्हतं. मावशीच्या अंगणात त्यांनी रिकामी पोती एकावर एक पसरली, लाल खुर्ची भिंतीला टेकवून लावली. खुर्ची धरायची, ताठ पाय पुढे सोडायचा, चांगल्या गुडघ्यावर उतरायचं. मावशी उतरू लागली, हात सुटला आणि ती धप्पकन पोत्यांवर कोसळली.

मी धावलो. मॅडमनी मला दंडाला धरून मागे ओढलं. “थांबा. पडल्यावर उठायचं कसं, तेच तर शिकवायचंय.”

मावशी पडल्या पडल्याच ओरडली, “पडली ना मी! जा, सांग त्याईले, लिवा म्हणा पाटीवर!” मग कुशीवर वळली, खुर्चीचा पाय धरला, आणि शिव्या घालत घालत उभी राहिली.

जाताना मॅडम मला म्हणाल्या, “हे पहिल्या काही महिन्यांत केलं असतं तर गुडघा आणखी वाकला असता. आता तेवढा नाही वाकणार.” म्हणजे पाटी शून्यावर राहावी म्हणून माझ्या मावशीचा गुडघा कायमचा आखडला. हे मी पत्रकात जसंच्या तसं छापणार आहे.

यंदाचा मोह पडला. मावशी एक पाय पसरून बसते, ढुंगणावर सरकत वेचते. बाकीच्या बायांची टोपली भरते तेव्हा हिची अर्धी असते. लाल खुर्ची झाडाखाली असते, उठण्यापुरती. परवा मी वेचू लागायला तिथं बसलो होतो.

“चटई टाकली का रे त्याईनं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मंग तू इथी काऊन बसला?” खुर्ची धरून ती उठायला लागली. मी हात पुढे केला, तो तिनं झटकला. “माह्यं मी पाहीन. तू जा तिकडं.”